४५,००० रुपयांचा कोर्स करावा का? आधी पहिल्या पगारापर्यंतचे दिवस मोजा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. घाटंजी तालुक्यातले तुमचे माहेर, चार एकर कोरडवाहू वावर, वडिलांच्या नावावर थकलेले पीककर्ज आणि यंदा कला शाखेतून बारावी झालेला धाकटा भाऊ. यवतमाळच्या एका खासगी संस्थेचा माणूस घरी येऊन सहा महिन्यांच्या कोर्सची फी ४५,००० रुपये सांगून गेला आहे. त्याच्या पत्रकावर ‘शंभर टक्के नोकरी’ असे छापलेले आहे, आणि आई सावकाराकडून दरमहा शेकडा पाचने ही रक्कम उचलायला तयार झाली आहे. दुसरीकडे उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे काम करणाऱ्या गावातल्या ताईंनी तीन महिन्यांचे मोफत निवासी प्रशिक्षण सुचवले आहे. अशा प्रशिक्षणाने घराची गरिबी खरोखर हटते का आणि हटत असेल तर या दोहोंपैकी कोणते घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली १७ वर्षे वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांत हे काम करतो. आधी शिकवत होतो, मग केंद्र सांभाळले, आणि गेली काही वर्षे नोकरीला लागलेल्या मुलामुलींचा पाठपुरावा एवढेच काम माझ्याकडे आहे. तुमच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की सावकाराचे पैसे उचलून हा कोर्स करू नका. मोफत प्रशिक्षण चांगले असू शकते, पण ते मोफत आहे एवढ्यावरून होकार देऊ नका. आणि भाऊ कुठेही गेला तरी त्याच्या नावाने निदान दहा हजार रुपये वेगळे काढल्याशिवाय त्याला घराबाहेर पाठवू नका. ही तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

वरवर पाहता हा प्रश्न कोणता कोर्स घ्यावा याचा दिसतो. माझ्या अनुभवात तो दिवसांचा प्रश्न असतो. मुलगा घरातून निघाल्यापासून पहिला पूर्ण पगार हातात पडेपर्यंत किती दिवस जातात, ते मोजा. प्रशिक्षणाचे ९० दिवस, त्यानंतर मुलाखती आणि रुजू होण्याची वाट पाहण्यात १५ ते ३० दिवस. रुजू झाल्यावर पगार पुढच्या महिन्याच्या ७ ते १० तारखेला होतो, आणि तोही जेवढे दिवस भरले तेवढ्यांचाच. म्हणजे पाच महिने मुलाची कमाई शून्य, आणि त्याच काळात घराला त्याच्या हाताचीही मदत नाही. डवरणीला, निंदणाला, वेचणीला दुसरा माणूस लावावा लागतो. प्रशिक्षण मोफत असले तरी हा खर्च कुटुंबच सोसते, आणि तो कुठल्याच पत्रकावर लिहिलेला नसतो.

हे मला एका मुलाने शिकवले. सुरुवातीच्या एका बॅचमधला हा मुलगा यंत्रावर सगळ्यांत तरबेज होता आणि चाकणच्या एका कारखान्यात लागला होता. वर्धा स्टेशनवर मी स्वतः त्याला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसवून दिले. अकराव्या दिवशी सकाळी केंद्र उघडायला गेलो तर तो पायरीवर बसलेला, तीच बॅग मांडीवर घेऊन. हजेरीच्या रजिस्टरात त्याच्या नावापुढे ‘घरची ओढ’ असे कारण लिहिले गेले, कारण तेव्हा आम्ही परत आलेल्या प्रत्येकापुढे तेच लिहीत होतो. महिनाभराने त्याच्या आईने खरे काय ते सांगितले. निघताना तिने त्याला १,१०० रुपये दिले होते. खोलीत राहणाऱ्या मुलांनी अनामत म्हणून २,००० मागितले आणि मेसवाल्याने महिन्याचे पैसे आगाऊ मागितले. चार दिवस तो कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दुपारी एकदाच जेवला आणि उसने मागायची लाज वाटली म्हणून परत आला. तीन महिन्यांचे प्रशिक्षण, त्यावर झालेला खर्च आणि मिळालेली नोकरी हे सगळे तीन-चार हजार रुपयांवाचून वाया गेले. त्या दिवसापासून मी ‘घरची ओढ’ हे कारण रजिस्टरात लिहू देत नाही.

आता पगाराचा हिशेब मांडतो, कारण पत्रकावरचा आकडा आणि हातात पडणारा आकडा यांत बरीच तफावत असते. समजा पगार १६,००० सांगितला आणि त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १३,००० आहेत. त्यावर १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी (पीएफ), म्हणजे १,५६० रुपये कापले जातात. ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का, म्हणजे १२० रुपये, आणि पुरुष कामगाराचा व्यवसाय कर २०० रुपये. हातात येतात १४,१२०. चार जणांत मिळून घेतलेल्या खोलीचे १,५००, मेसचे ३,५०० आणि येणे-जाणे, मोबाईल, साबण, औषधपाणी यांचे १,२०० धरले, तर महिन्याकाठी आठ हजारांच्या आत शिल्लक राहते. पीएफचे पैसे त्याच्याच नावावर जमतात, ते बुडत नाहीत, पण आज घरी पाठवता येत नाहीत.

या शिलकीशेजारी सावकाराचे व्याज ठेवून पाहा. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. ४५,००० वर दरमहा २,२५०. सहा महिने कोर्स आणि दोन महिने वाट पाहणे धरले, तर पहिला पैसा घरी येण्याआधीच १८,००० व्याज चढलेले असते. त्यानंतर भावाने घरी एक रुपयाही न पाठवता सगळी शिल्लक सावकाराला दिली, तरी कर्ज फिटायला सुमारे दहा महिने लागतात, आणि तेही नोकरी एकदाही न सुटता. पहिली नोकरी दहा महिने अखंड टिकवणारी मुले मी पाहिली आहेत, पण तेवढ्या भरवशावर तुमच्या आईने कर्ज काढावे असे मी म्हणू शकत नाही.

आता हे प्रशिक्षण कोणाच्या पैशावर चालते ते पाहू, कारण पैसा देणारा जे मोजतो तेच संस्था मनापासून करते, असा माझा अनुभव आहे. फी घेणाऱ्या संस्थेचा पैसा प्रवेशाच्या दिवशी वसूल होतो, म्हणून तिचे सगळे बळ प्रवेशावर लागते आणि तिचा माणूस तुमच्या ओसरीपर्यंत येतो. सरकारी पैशावर खासगी संस्थांनी चालवलेले प्रशिक्षण हा दुसरा प्रकार. दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ पासून सुरू आहे, ती ग्रामीण गरीब कुटुंबांतल्या १५ ते ३५ वयाच्या मुलामुलींसाठी आहे आणि तीत फी घेतली जात नाही. उमेदच्या ताईंनी बहुधा तिच्याविषयीच सांगितले असावे. यात संस्थेला पैसे हप्त्यांनी मिळतात आणि काही हप्ते नोकरी लावल्याच्या व ती निदान तीन महिने टिकल्याच्या पुराव्यावर अवलंबून असतात. ही अट चांगली आहे, मात्र तिचा एक परिणामही आहे. तीन महिने संस्थेतून दर आठवड्याला फोन येतो आणि चौथ्या महिन्यात तो बंद होतो. तिसरा प्रकार कंपन्यांच्या सामाजिक निधीचा. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि त्यातून चालणारी केंद्रे विदर्भातही आहेत. त्यांतली काही फार चांगली असतात, पण निधी वर्षावर्षाने मंजूर होतो, म्हणून यंदा असलेले केंद्र पुढल्या वर्षी असेलच असे नाही.

गरिबी हटते का, या तुमच्या मुख्य प्रश्नावर अभ्यास काय सांगतात तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत गरीब कामगारांसाठी चालणाऱ्या काही खासगी कार्यक्रमांची काटेकोर तपासणी झाली आहे. त्यासाठी पात्र अर्जदारांपैकी कोणाला प्रवेश द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले आणि दोन्ही गटांची कमाई पुढे काही वर्षे पाहिली. सॅन अँटोनियोमधला १९९२ पासूनचा प्रोजेक्ट क्वेस्ट आणि २००० साली बोस्टनमध्ये सुरू झालेला इयर अप, या दोन्हींत कमाईतली वाढ वर्षानुवर्षे टिकली. दोघांचीही घडण साधारण सारखी आहे. प्रवेशापूर्वी नीट निवड, मागणी असलेल्या एखाद्याच क्षेत्राचे शिक्षण, त्या क्षेत्रातल्या मालकांशी थेट संबंध आणि शिकण्याच्या काळात विद्यार्थ्याला आधार. हा आधार इयर अपमध्ये विद्यावेतनाच्या रूपाने मिळतो आणि क्वेस्टमध्ये येण्याजाण्याचा खर्च, मुलांची देखभाल आणि नियमित समुपदेशन यांच्या रूपाने. हे कार्यक्रम टिकू शकतील अशाच लोकांना निवडतात, त्यामुळे कोणालाही घेतले तरी तसाच गुण येईल असे मी म्हणणार नाही. पण कौशल्याइतकाच खर्च मधले महिने निभावण्यावर करावा लागतो, हे चाकणहून परतलेल्या मुलाचेच म्हणणे तिथेही खरे ठरले आहे.

आपल्याकडचा एक अभ्यास मला त्याहून जवळचा वाटतो. बिहार आणि झारखंडमध्ये याच दीनदयाल उपाध्याय योजनेच्या काही तुकड्यांना, पुढे मिळणाऱ्या नोकरीची खरी माहिती देणारी फक्त दोन जादा सत्रे घेतली गेली. ती माहिती मिळालेली मुले लागलेल्या नोकरीत टिकण्याची शक्यता १७ टक्क्यांनी जास्त होती. ज्यांच्या अपेक्षा फार मोठ्या होत्या ती मुले नोकरीला लागण्याआधीच बाजूला झाली. आमच्या केंद्रात पहिल्या आठवड्यात एक तास फक्त पगारपत्रकाचा असतो. वर मांडला तोच हिशेब फळ्यावर मांडतो, खोलीचे फोटो दाखवतो, रात्रपाळी कशी असते ते सांगतो. दर बॅचला चार-पाच जण त्यानंतर येत नाहीत. पूर्वी याचे मला वाईट वाटे. आता वाटते की ही मुले दोन महिन्यांनी पुण्याहून परतण्याऐवजी वेळीच घरी राहिली, आणि त्यांच्या आईवडिलांचे पैसे वाचले.

तुमच्या भावाच्या बाबतीत बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ते मला इथून दिसत नाही. त्याला हाताने काम करण्याची आवड असेल, गावातले पंप आणि मोटारी तो खोलून बसत असेल, आणि घर आणखी दोन वर्षे त्याच्या कमाईवाचून कसेबसे निभू शकत असेल, तर सरकारी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा फिटर करणे तीन महिन्यांच्या कोणत्याही कोर्सपेक्षा बरे. ते दहावीच्या गुणांवर मिळते, फी कमी असते, आणि त्यानंतर कायद्याप्रमाणे अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत शिकाऊ उमेदवारी, करून विद्यावेतन मिळवता येते. मी पाठपुरावा केलेल्या मुलांत ज्यांनी घराचे छप्पर बदलले किंवा बहिणीचे लग्न कर्जावाचून केले, ती बहुतेक दोन प्रकारची आहेत. एक आयटीआयवाली, आणि दुसरी तीन महिन्यांच्या कोर्सवर लागून पहिल्या ठिकाणी वर्ष-दीड वर्ष टिकलेली आणि त्या अनुभवावर दुसरी, बऱ्या पगाराची नोकरी धरलेली. पहिल्या नोकरीच्या पगारात कुटुंब गरिबीतून वर आल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. म्हणून पहिल्या पगाराचा आकडा किती, यापेक्षा वर्षभराने त्या कामाला कुठे विचारले जाईल हे पाहावे.

वडिलांची प्रकृती बरी नसेल किंवा वावर पाहायला दुसरे कोणी नसेल, तर पुण्यातल्या १६,००० पेक्षा यवतमाळजवळच्या लोहारा एमआयडीसीतले ११,००० बरे ठरू शकतात. एखाद्या नातेवाइकाकडे राहण्याची सोय झाली, तर खोली आणि मेस वाचते आणि पेरणीच्या चार दिवसांत घरी येता येते. मात्र जवळची नोकरी सणाला, लग्नाला, वेचणीला सुटी घेऊन घेऊन सुटते, हेही मी पाहिले आहे.

बॅच कधी सुरू होते हेही विचारा. आपल्याकडे सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत चालते. त्या काळात सुरू झालेल्या बॅचमधून मुले सर्वाधिक गळतात, कारण घरून फोन येतो आणि मुलगा ‘आठ दिवसांत येतो’ म्हणून निघतो. म्हणून आम्ही मोठी बॅच संक्रांतीनंतर सुरू करतो. तुमच्या भावाला आत्ता जायचे असेल, तर यंदाच्या वेचणीला कोण असेल हे घरात आधीच बोलून घ्या.

दोन लहान मुले सांभाळून आपल्यालाही काही शिकता येईल का, असे तुम्ही ओझरते स्वतःविषयीही विचारले आहे, त्यावर थोडे लिहितो. दिल्लीतल्या गरीब वस्त्यांमध्ये महिलांना सहा महिने शिवणकाम शिकवण्याच्या उपक्रमाचा असाच अभ्यास झाला. प्रशिक्षणाची संधी मिळालेल्या महिलांना काम आणि कमाई जास्त मिळाली आणि तो फरक पुढे दीड वर्षही दिसला. मात्र पैशाची अडचण, केंद्राचे अंतर आणि लहान मुलांना सांभाळायला कोणी नसणे, यांमुळे अनेक जणींचे प्रशिक्षण अर्धवट राहिले. दोन लहान मुले घेऊन निवासी प्रशिक्षण तुम्हाला जमणार नाही. त्यापेक्षा प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, चौकशी करा. तिथले कोर्स मोफत आणि थोड्या दिवसांचे असतात, आणि नंतर दोन वर्षे पाठपुरावा होतो. एकच सुचवतो. तुमच्या गावात आधीच पाच शिलाई मशीन असतील, तर सहावे घेऊ नका.

आता त्या दोन्ही संस्थांना काय विचारायचे ते सांगतो. गेल्या वर्षीच्या एका संपूर्ण बॅचची नावे आणि फोन नंबर मागा, आणि त्यांतले पाच तुम्ही निवडा, त्यांना निवडू देऊ नका. त्या मुलांना तीनच गोष्टी विचारा: आज कुठे आहेस, हातात किती पडतात, आणि पहिला पगार येईपर्यंत कसे भागवलेस. यादी द्यायला संस्था कां-कूं करत असेल, तर तेच तुमचे उत्तर समजा. नोकरीचे पत्र कोण देणार हेही स्पष्ट करून घ्या. कंपनी, तिचा ठेकेदार, की अप्रेंटिस म्हणून करार? अप्रेंटिसशिप वाईट नाही, पण कायद्याने अप्रेंटिस हा कामगार नसतो, त्याला पीएफ लागू होत नाही आणि मुदत संपल्यावर कंपनी त्याला ठेवून घेईलच असे नाही. ‘शंभर टक्के नोकरी’ या शब्दांखाली बरेचदा हेच निघते. मूळ गुणपत्रिका कोणाकडेही जमा करू नका, छायांकित प्रत पुरते. दीनदयाल उपाध्याय योजनेत नोकरी लागल्यावर काही महिने दरमहा थोडा आधारभत्ता देण्याची तरतूद आहे. तो कधी आणि कोणाच्या खात्यात जमा होतो, हे रुजू होण्यापूर्वी विचारून ठेवा.

एक बारीक गोष्ट राहिली, जी आजच करता येईल. भावाचे आधार कार्ड आणि दहावीची सनद शेजारी ठेवून नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहा. आपल्या भागात पुष्कळांच्या आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख पडलेली आहे. तेवढ्यावरून पीएफचा क्रमांक निघत नाही, आणि पगार महिना-महिना अडकून पडतो. हे दुरुस्त व्हायला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाच्या आधीच करून घ्या.

आणि ते दहा हजार. आईने सावकाराकडे जाण्याऐवजी आपल्या बचत गटाच्या बैठकीत एवढ्याच रकमेची मागणी ठेवावी. अंतर्गत कर्जाचा दर सावकारापेक्षा बराच कमी असतो, आणि कशासाठी हवे ते सांगितले तर गट सहसा नाही म्हणत नाही. हे पैसे भावाच्या हातात एकदम न देता त्याच्या खात्यात ठेवा, आणि खोलीची अनामत, मेसचे आगाऊ पैसे व परतीचे तिकीट एवढ्यालाच ते वापरायचे असे ठरवून घ्या. परतीचे तिकीट मुद्दाम लिहितो आहे. ते खिशात असलेला मुलगा पहिल्या आठवड्यात घाबरत नाही.

त्या पाच मुलांशी बोलणे झाले की त्यांनी काय सांगितले ते मला जरूर कळवा, आणि भावाला काय करायला आवडते तेही लिहा. मग कोणता ट्रेड त्याला जमेल यावर सविस्तर बोलता येईल.